चाळीसपैकी चाळीस

४ मार्च

मामा,

नमस्कार. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "हं" आणि "बरं" यांच्या पुढे जात नाही, आणि मला तुमच्याकडून पूर्ण वाक्यात उत्तर हवं आहे.

मी नोकरीत नेमकं काय करते असं तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी "गाड्यांचं काहीतरी" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते. गाडी चालवताना वेग बघायला स्टिअरिंगमागच्या काट्याकडे खाली बघावं लागतं ना? तेवढा वेळ रस्ता सुटतो. आम्ही असं करतो की वेगाचा आकडा आणि कुठे वळायचं तो बाण समोरच्या काचेवर उमटतो. उजेडाचाच आकडा, बॉनेटच्या पुढे हवेत तरंगल्यासारखा दिसतो आणि त्याच्या आरपार रस्ताही दिसत राहतो. मान खाली घालायला नको. याला हेड-अप डिस्प्ले म्हणतात. त्यातले आकडे मी काढले आहेत, शून्य ते नऊ. दहा आकड्यांना दोन महिने लागले असं सांगितलं की लोक हसतात, तुम्ही हसू नका. आमचे साहेब म्हणाले, दागिन्यासारखे नाजूक झालेत.

अडचण अशी आहे. साठीच्या पुढचे नऊ जण आम्ही गाडीत बसवून बघितले. त्यातले सहा म्हणाले की आकडे दोऱ्यासारखे बारीक आहेत, उन्हात तीन कुठला आणि आठ कुठला कळत नाही. साहेबांचं म्हणणं, हे हौशी लोक, आयुष्यभर गाडी बाजारापुरती काढलेली. एखादा मुरलेला चालक आणा, त्याने वाचून दाखवलं तर आकडे पास. मला दुसरं कोण आठवणार? चाळीस वर्षं बस चालवलेला सदुसष्ट वर्षांचा माणूस आमच्या घरातच आहे.

याल ना? महिनाअखेरीला दोन दिवस. राहायची सोय माझ्या खोलीवर. गादी एकच आहे, ती तुमची.

तुमची,
भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू आकडे काढतेस हे कळून बरं वाटलं, इतके दिवस मला वाटत होतं तू गाड्या धुतेस.

अक्षर मात्र मुंग्यांच्या रांगेसारखं आहे तुझं. जरा मोठं लिहीत जा. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, त्यामुळे सध्या तुझी पत्रं मामी वाचून दाखवते आणि मध्ये मध्ये स्वतःची मतं घालते. लिहितो मात्र मीच, ओळ वरखाली गेली तर समजून घे.

येतो. पण दोन अटी. एक, तो चाचणीचा रस्ता मला आदल्या दिवशी पायी फिरून बघायचा आहे. नवा मार्ग मिळाला की बस काढण्याआधी मी तो एकदा पायी चालून यायचो, हे तुला माहीत आहे. डेपोत सगळे थट्टा करायचे, पण चाळीस वर्षांत मी कधी चुकीच्या वळणावर गेलो नाही. दुसरी अट, खरी परीक्षा सुरू होण्याआधी गाडी अर्धा तास माझ्या हातात द्यायची. परक्या गाडीवर हात बसायला तेवढा वेळ लागतो.

मी स्टिअरिंग सोडून दोन वर्षं झाली, ते तुझ्या साहेबांना सांगितलंस का? गुडघ्यांमुळे सोडलं असं सांग. खरं म्हणजे सांगूच नकोस.

मामी म्हणते एका गादीवर तू झोप, हे जमिनीवरही घोरतात.

मामा


२ एप्रिल

मामा,

नमस्कार. मोठ्या अक्षरात लिहायचं ठरवलं होतं, पण आनंदात हात आवरत नाही, त्यामुळे आजच्या दिवस मुंग्याच.

चाळीसपैकी चाळीस. मी परत परत तो कागद बघते. जुना काटा आम्ही काळ्या कापडाने झाकला होता. चाळीस वेळा मी मागच्या सीटवरून विचारलं, "वेग?" नाहीतर "बाण?", आणि चाळीस वेळा तुम्ही जांभई दिल्यासारखं उत्तर दिलंत. "बावन्न." "डावीकडे." "अडतीस." दोनाचा फरक आम्ही माफ धरतो, तुम्ही त्याच्या बाहेर एकदाही गेला नाहीत. चाचणी संपल्यावर साहेबांनी टाळ्या वाजवल्या, ते तुम्ही ऐकलंच. तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, "बघा, नजर आहे की काय आहे. त्या सहाजणांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा." सगळे हसले. मीही हसले.

आकडे पास झाले. दोन महिन्यांत वीस गाड्यांत बसतील, मालाच्या छोट्या व्हॅन आहेत. त्यांत खालचा काटा काढूनच टाकला आहे, सगळं काचेवर.

एक बारीकशी गोष्ट. गाडीत एक छोटा कॅमेरा होता, चालकाचे डोळे कुठे बघतात ते टिपणारा. तुमच्या वेळी त्यात काहीतरी बिघाड झाला, त्यामुळे ते चित्रण मी हिशेबात धरलं नाही. त्याने काही अडत नाही.

मामीला सांगा, घोरणं ऐकू आलं नाही. तुम्ही त्या रात्री जागेच होतात बहुतेक. परकं घर म्हणून असेल.

भिंगरी


१६ एप्रिल

भिंगरी,

आशीर्वाद. मामीने पत्र दोनदा वाचलं, एकदा मला आणि एकदा शेजारणीला. आता गल्लीत मी घारीच्या नजरेचा म्हणून ओळखला जातो. भाजीवाला मला लांबून कुठली बस येतेय ते विचारतो.

एवढा गाजावाजा करण्यासारखं काही झालेलं नाही. रस्ता सोपा होता. गाडी चांगली होती.

एक सुचवू का, राग येऊ देऊ नकोस. ते आकडे थोडे जाड केलेस तर बरं होईल. माझ्यासाठी नाही म्हणत. पण सगळेच काही चाळीस वर्षं चालवलेले नसतात. त्या सहाजणांचं म्हणणंही असेल काही. बघ जमलं तर.

काडी अजून दुरुस्त व्हायची आहे.

मामा


२१ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. चार महिने पत्र नाही, माझीच चूक. मध्ये तुमचं एक पोस्टकार्ड आलं होतं, "जाड केलेस का?" एवढंच लिहिलेलं. त्याला उत्तर दिलं नाही, कारण केले नव्हते.

आता जे लिहिते आहे ते मामीने सावकाश वाचावं.

त्या वीस व्हॅनपैकी एक दवाखान्याच्या चादरी धुवायला नेते. तिचा चालक बासष्ट वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात दुपारी तो निघाला होता. रस्त्याचं काम चालू होतं, तिथे वेगाची मर्यादा तीस. त्याचं म्हणणं असं की काचेवर तीस आहे की अडतीस हे त्याला समजेना, ऊन समोरून होतं. त्याने डोळे बारीक करून आकडा बघितला. तेवढ्यात रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा एक रंगारी खाली वाकलेला होता, तो त्याला दिसलाच नाही. रंगाऱ्याची मांडी मोडली आहे. जगेल. पुन्हा नीट चालेल का, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

चालकाला धुलाईवाल्यांनी घरी बसवलं आहे आणि त्याचा परवाना जाणार असं दिसतंय. त्याने आमच्याकडे तक्रार केली की आकडे वाचता येत नाहीत. साहेबांनी उत्तर मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यात एक वाक्य असं आहे, "सदुसष्ट वर्षांच्या एका व्यावसायिक चालकाने हेच आकडे चाळीसपैकी चाळीस वेळा अचूक वाचले आहेत, त्यामुळे दोष चालकाच्या निष्काळजीपणाचा किंवा दृष्टीचा आहे."

तुमचं नाव कुठे नाही, काळजी करू नका. पण पत्र तुमच्या जिवावर उभं आहे, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

भिंगरी


२७ ऑगस्ट

भिंगरी,

मामीने पत्र वाचलं. "अचूक वाचले आहेत" इथे ती थांबली. चष्मा काढला, पत्र मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्ही खरंच वाचलेत ते आकडे?"

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने मला इतक्या हळू आवाजात काही विचारलेलं आठवत नाही. मी नाही म्हणालो.

आता तुला सांगतो. मी तुझा एकही आकडा वाचला नाही. काचेवर काहीतरी पांढुरकं होतं, फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं, एवढंच मला दिसलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तीन वर्षं झाली. गुडघे ठणठणीत आहेत. शेवटच्या महिन्यात एक हातगाडी मला अगदी बोनेटपाशी आल्यावर दिसली, त्या दिवशी मी डेपोत जाऊन चाव्या टेबलावर ठेवल्या आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं. ड्रायव्हरचे डोळे गेले म्हणजे मागे काय उरतं? सगळे मान देतात तो नजरेला, मला नाही. म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची.

उत्तरं कशी दिली ते सांगतो. बाणांचं सोपं होतं. आदल्या दिवशी मी तो रस्ता दोनदा चाललो, चौदा वळणं, सगळी पाठ. तुझा बाण खरं वळणच दाखवणार होता. वेगाचं त्या अर्ध्या तासात सवयीने आपोआप कानात बसलं. तेव्हा काटा झाकलेला नव्हता आणि तो मोठा, थाळीएवढा होता, तेवढा मला दिसतो. चाळिसाला इंजिनाचा सूर बदलतो. पन्नास ओलांडले की सीट मांडीखाली थरथरते. साठला उजव्या दाराचं रबर शिटी घालतं. मधले आकडे अंदाजाने. बसचा काटा सहा-सहा महिने बंद असायचा, आम्ही कानाने चालवायचो.

येताना असं ठरवून आलो नव्हतो. वाटलं होतं, मोठे असतील आकडे, दिसतील. बसल्यावर कळलं दिसत नाहीत. तू मागे बसली होतीस, वही उघडून. पहिल्यांदा "वेग?" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज इतका आशेचा होता की तोंडातून "चव्वेचाळीस" निघून गेलं. ते बरोबर निघालं. मग थांबता आलं नाही.

त्या रात्री मी घोरलो नाही, ते तुझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं होतं सकाळी सांगेन. सकाळी तू दूध आणायला गेलीस आणि येताना गाणं गुणगुणत आलीस.

तो बासष्ट वर्षांचा माणूस आपल्यातला आहे. त्याला जे दिसलं नाही ते मलाही दिसलं नव्हतं, फरक एवढाच की त्याने खरं सांगितलं. आणि माझं खोटं काढून तुम्ही त्याच्या तोंडावर मारलंत. तू नाही, मी मारलं. मी येऊन तुझ्या साहेबांना सांगतो.

मामा


३ सप्टेंबर

मामा,

नमस्कार. तुम्ही स्वतःला इतका त्रास करून घेऊ नका. तुम्ही जे केलंत ते माझ्यावरच्या मायेने केलंत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चूक आमच्या परीक्षेची आहे. आम्ही खरा वेग आणि खरी वळणं दाखवली, खोटी मध्ये मिसळायला हवी होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण येण्याची घाई करू नका. अपघाताची चौकशी अठरा-वीस तारखेपर्यंत संपेल. चालकाला कदाचित दुसरं काम देतील, गोदामात बसून करायचं. रंगाऱ्याच्या उपचारांचं बघितलं जात आहे. तुम्ही आता येऊन सांगितलंत तर झालेलं बदलणार नाही, आणि तुमच्या वयाला, तुमच्या नावाला उगाच बट्टा. शिवाय या डोळ्यांनी एवढा प्रवास. आधी ऑपरेशन करून घ्या. मी डॉक्टरांची चौकशी करते.

मला हे काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे मलाही सावरायला थोडा वेळ द्या.

भिंगरी


९ सप्टेंबर

भिंगरी,

मामी लिहिते आहे. हे त्यांना माहीत नाही, ते मागच्या अंगणात बसले आहेत. हल्ली ते तिथेच बसतात.

चष्म्याची काडी मोडलेली नाही. कधीच नव्हती. त्यांचा मोतीबिंदू मला वर्षभरापूर्वीच कळला होता, भाजीतल्या मिरच्या ते वेचायचे बंद झाले तेव्हा. स्वतःहून सांगतील म्हणून गप्प बसले. तेव्हा माझाही यात वाटा आहे, मी धुतल्या तांदळासारखी आहे असं समजू नकोस.

पण तुझी सगळी पत्रं मीच मोठ्याने वाचलेली आहेत, आणि मोठ्याने वाचलेलं माणूस विसरत नाही. दोन एप्रिलच्या पत्रात एक ओळ आहे. डोळे कुठे बघतात ते टिपणारा कॅमेरा, त्यात "काहीतरी बिघाड" झाला. आधीच्या नऊजणांच्या वेळी झाला नाही, ह्यांच्याच वेळी झाला. मी शिवणकाम करणारी बाई. कपडा हातात आला की आधी उलटा करून बघते.

त्यांना मी ती ओळ पुन्हा वाचून दाखवलेली नाही. तुझ्या परवाच्या पत्रातली शेवटची ओळही वाचली नाही, "मला हे काहीच माहीत नव्हतं" ही. ती वाचायला माझी जीभ रेटेना. त्यांना वाटतंय पत्र डॉक्टरांच्या चौकशीवर संपलं.

काय ते तुझं तुला ठाऊक. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाकडे जाऊन बोलणार? एवढंच सांगते, अठरा तारखेच्या बसचं तिकीट त्यांनी काढलं आहे. मी अडवलं नाही आणि अडवणारही नाही.

मामी


३० सप्टेंबर

मामा,

हे पत्र जाड पेनाने लिहिते आहे. एका पानावर आठ ओळी बसतात. बावीस पानं होतील बहुतेक. मामीला देऊ नका. भिंग घ्या, दिवसाउजेडी खिडकीशी बसा आणि तुम्हीच वाचा. माझी तेवढी एक विनंती आहे.

तुम्ही साहेबांना सांगायला आलात त्या दिवशी आमच्या गाड्यांच्या शेडमध्ये जे झालं ते तुम्ही ऐकलंत. तुम्हाला जे दिसलं नसेल ते लिहिते.

तुम्ही गाडीत बसलात. इंजिन बंद, गाडी जागेवर. साहेबांनी काचेवर आकडा लावायला सांगितलं आणि विचारलं, "वेग किती?" तुम्ही म्हणालात, "गाडी उभी आहे साहेब, मला एवढंच कळतं." काचेवर बहात्तर होता. धुलाईवाल्यांचे दोघे होते, त्यांनी वाकून तो बघितला आणि एकमेकांकडे बघितलं. साहेबांनी आणखी पाच आकडे लावले. पाच वेळा तुम्ही "दिसत नाही" म्हणालात. प्रत्येक वेळी आवाज तेवढाच मोठा. मला वाटत होतं की निदान एकदा तरी हळू म्हणाल.

मग साहेब म्हणाले, "म्हणजे या गृहस्थांनी आमची फसवणूक केली." तुम्ही म्हणालात, "हो साहेब. केली." साहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा सुटका झाल्याचा भाव होता. दोष ठेवायला माणूस मिळाला होता, आणि तो आमच्या नोकरीतला नव्हता.

तो चालक दारापाशी उभा होता. शर्टाच्या खिशावर पूर्ण वेळ हात दाबून धरला होता त्याने, आत परवाना असावा. त्याने तुम्हाला विचारलं, "किती वर्षं चालवलीत?" तुम्ही चाळीस म्हणालात. तो म्हणाला, "मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं." ते बोलताना त्याचं तोंड तुमच्याकडे होतं मामा, पण तो बघत होता माझ्याकडे.

खाई त्याला खवखवे. आता ते लिहिते.

मला माहीत होतं.

एक एप्रिलला संध्याकाळी, तुमची बस सुटल्यावर, मी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. अकरा मिनिटं. तुमचे डोळे रस्त्यावर, आरशात, डावीकडे, पुन्हा रस्त्यावर. आकडा जिथे उमटतो तिथे ते एकदाही आले नाहीत. चाळीस उत्तरांत एकदाही नाही. कॅमेरा चांगला होता. बिघाड हा शब्द मी लिहिला.

तुम्ही हे कसं केलंत ते तेव्हा समजलं नव्हतं. समजून घ्यायचंच नव्हतं. आकडे पास झाले होते, साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि जाड आकडे मला ओबडधोबड वाटत होते. त्या सहाजणांचे कागद मी खालच्या खणात ठेवले आणि वर तुमचा ठेवला. तुम्ही "जाड कर" म्हणून लिहिलंत तेव्हाही मला कळलं होतं तुम्ही काय सांगताय. म्हणून त्या कार्डाला उत्तर दिलं नाही.

चालकाच्या विरुद्ध ते वाक्य लिहितानाही माहीत होतं. तुम्ही सगळं कबूल केलंत, आणि मी तुम्हालाच समजूत घालणारं पत्र पाठवलं. माझ्या जन्मात मी इतकं घाणेरडं काही लिहिलेलं नाही. आणि शेडमध्ये साहेब तुम्हाला फसवणारा म्हणाले तेव्हा मी कोपऱ्यात वही छातीशी धरून उभी होते. दहा पावलं होती मध्ये. मी चालले नाही. बस स्टँडवर तुम्ही मला "तुझ्या नोकरीवर यायला नको गं" म्हणालात, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

चार दिवसांनी चालकाला कामावर घेतलं. परवाना राहिला. पण अहवालात लिहिलं आहे, "चाचणीतील वयस्क चालकाने दिशाभूल केली." तो अहवाल गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे आणि मी त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवते.

आज सकाळी मी ते चित्रण साहेबांना दिलं. ते मी पुसलं नव्हतं. का, ते सांगता येत नाही. सोबत लेखी दिलं की दिशाभूल मी केली, आणि त्याची एक प्रत धुलाईवाल्यांना, एक त्या चालकाला पाठवली. साहेबांनी अकरा मिनिटं पूर्ण बघितलं. मग म्हणाले, ओळखपत्र फाटकावर जमा करून जा. आकडे आता दुसरं कुणीतरी काढेल. जाड काढेल अशी आशा आहे.

हे आधी केलं आणि मग पत्र लिहायला बसले. उलटं केलं असतं तर कदाचित फक्त पत्रच लिहिलं असतं, हे मला माझ्याबद्दल आता माहीत आहे.

भिंगरी


१४ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. दोन दिवस लागले. सकाळी दहा ते बारा खिडकीत ऊन असतं, तेवढाच वेळ जमतं. मामीला वाटलं कुठली तरी नोटीस आली आहे.

बाराव्या पानावर एक ओळ एकटीच होती. ती मी तीन वेळा वाचली. मला वाटलं माझे डोळे चुकतायत, आधीच्या ओळीतलं काहीतरी तिथे दिसतंय. भिंग पुसलं. पुन्हा तेच. शेवटी पान दुमडून तेवढीच ओळ वर ठेवली आणि मामीला विचारलं, इथे काय लिहिलंय. तिने वाचलं. म्हणाली, "तुम्ही वाचलंत तेच लिहिलंय."

मला राग आला आहे. तो लपवत नाही, आपल्या घरात लपवायचं आता पुरे झालं. माझं खोटं मी वेड्या मायेत बोललो, आणि त्याच्यामुळे एक माणूस लंगडतो आहे. तू तर समोर ठेवून बघितलंस आणि खणात ठेवलंस. मी तुझ्यापेक्षा बरा नाही. पण मी इतके दिवस एकटाच चोर आहे असं समजून अंगणात बसत होतो, आणि तू मला बसू दिलंस.

शेडमधलं मलाही एक सांगायचं आहे. मला चेहरे दिसत नाहीत, पण रंग दिसतात. कोपऱ्यात निळं काहीतरी होतं, मान खाली घातलेलं. ती तू आहेस हे मला कळलं. परतीच्या बसमध्ये सगळा वेळ माझ्या मनात एकच होतं, माझ्यामुळे पोरीची मान खाली गेली. तेच धरून बसलो होतो. आता तेही माझं राहिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी रंगाऱ्याकडे जाऊन आलो. पत्ता चालकाने दिला, त्याने माझा फोन उचलला हेच पुष्कळ. रंगारी काठीवर आहे. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही पट्टा वीतभर रुंद मारतो. ज्याला दिसत नाही त्यालाही दिसावा म्हणून. तुमच्याकडे असं कुणी सांगत नाही का?" मी म्हटलं, सहाजणांनी सांगितलं होतं. त्याने चहा दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

तू चित्रण दिलंस, ते उशिरा दिलंस, पण दिलंस. ती दहा पावलं त्या दिवशी चालली असतीस तर मला हे पत्र वाचायला दोन दिवस लागले नसते. यावर मी आत्ता यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सव्वीस तारखेला आहे. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात. मामी असेलच. तू यायचं की नाही ते तू ठरव, मी बोलावत नाही आणि नकोही म्हणत नाही.

आलीस तर कोपऱ्यात उभी राहू नकोस.

मामा